गाळलेल्या दोन ओळी

माघ सरत आला की भूमच्या माळावर एक कोरडा, गोडसर वास पसरतो. ज्वारीची काढणी झालेली असते, कणसे खुडून घेतलेला कडबा पेंढ्या बांधून रानोरान उभा असतो आणि दुपारच्या उन्हात त्याच्या पात्यांतला उरलासुरला ओलावा हळूहळू हवेत विरत जातो. पावसाने कधी फारसे लाड न केलेल्या या मुलखाची ती वर्षातली एकमेव श्रीमंती. इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवायला आले तेव्हापासून मी ती दर वर्षी श्वासात भरून घेत आले. निवृत्त झाल्यावरही गाव सोडावेसे वाटले नाही, त्याला हा वासदेखील थोडासा कारण असावा. गेल्या माघातल्या अशाच एका दुपारी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढीत होते आणि विश्वनाथअप्पांचा फोन आला.

"बाई, वाशीची म्हातारी गेली. काल दहावा झाला." ते म्हणाले. "आता खरं बोलावं म्हणतो. तुमची परवानगी हाय का?"

ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस माझ्याकडे खरे बोलायची परवानगी मागत होता. मी कठड्याला टेकले. समोर ऊन होते, दूरवर कुठेतरी मळणीयंत्राची घरघर चालू होती, आणि मला माझे सव्विसावे वर्ष आठवत होते.

त्या वर्षी मी या गावात नवी होते आणि मला लेखिका व्हायचे होते. जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला. सोनारीच्या पलीकडच्या एका खेड्यात कविता लिहिणारा एक निवृत्त फौजी राहतो, असे कुणीतरी सांगितले आणि मी एसटीने सोनारीला उतरून, काळभैरवाच्या देवळाभोवतीच्या माकडांपासून पिशवी सांभाळत, पुढचे अंतर पायी कापत त्यांच्या दारात पोचले. विश्वनाथअप्पा तेव्हा चाळिशीचे होते. सैन्यात ते खेचरांच्या तुकडीत होते. डोंगरावरच्या चौक्यांना रसद पोचवणे हे त्यांचे काम. बोलणे मोजके. हात मात्र मोठे आणि सावकाश, कागदाची घडी उलगडतानादेखील एखाद्या बुजऱ्या जनावराला थोपटावे तसे. त्या हातांनी त्यांनी मला एक कविता दिली. तिचे नाव 'उशाला मांडी'.

धोंडिराम नावाचा त्यांचा सोबती होता, भूमशेजारच्या वाशीचा. दोघे एकाच मुलखातले म्हणून जवळ आलेले. लढाईच्या दिवसांत तो तिकडेच, बर्फात गेला. कवितेत सांगणारा माणूस बर्फात बसला आहे, मित्राचे डोके त्याच्या मांडीवर आहे. डब्याच्या झाकणातून तो त्याला घोट घोट चहा पाजतो आणि त्याला गावाकडच्या गोष्टी सांगतो, वाशीच्या बाजाराच्या, हुरड्याच्या, बांधावरच्या बोरींच्या. मित्र विचारतो, ज्वारी निसवली असंल का रे, कणसं बाहेर आली असतील? आणि उत्तर मिळण्याआधी त्याचे डोळे तसेच उघडे राहतात. मी वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण कविता तिथे संपत नव्हती. खाली आणखी दोन ओळी होत्या:

हे असं झालं असतं, मी तिथं असतो तर.
मी नव्हतो. तो गेला. बर्फ पडत राहिला.

आपण तिथे नव्हतो असे अप्पांनी मला त्याच दिवशी सांगितले होते, हे मला लपवायचे नाही. धोंडिराम गेला तेव्हा ते खालच्या तळावरच्या दवाखान्यात होते, कावीळ झाली म्हणून. त्याच्या जाण्याची बातमी त्यांना आठ दिवसांनी कळली. कविता लिहिली ती त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, बराकीत, जेवणानंतरच्या सुट्टीत. मी ऐकले, मान डोलावली, आणि म्हणाले, "अप्पा, कविता डोळ्यांपाशी संपते. पुढचं स्पष्टीकरण झालं. या दोन ओळी गाळू या."

त्यांनी कागदाकडे पाहिले. "त्या दोन वळींसाठीच बाकीचं लिवलं व्हतं," ते म्हणाले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "पर तुमी शिकलेल्या. तुमाला कळतं."

मला कळत होते ते एवढेच, की त्या ओळींशिवाय कविता अधिक भारून टाकते. मी त्या गाळल्या, आणि लेखात लिहिले: 'हिमशिखरांच्या सावलीत, गोठलेल्या बोटांनी, मित्राच्या अखेरच्या श्वासाच्या साक्षीने उतरलेली ही कविता.' कुणी उतरवली, केव्हा, कुठे बसून, याचा त्या वाक्यात पत्ताच नाही. मराठीच्या प्राध्यापिकेला खोटे बोलण्यासाठी क्रियापदाचीदेखील गरज पडत नाही, हे मी तेव्हा शिकले. अंक आला. लेख गाजला. आज या जिल्ह्यात चार माणसे मला ओळखतात ती त्याच एका लेखामुळे. पुढे जे लिहिले ते कुणाच्या स्मरणात नाही.

कविता मग आमची दोघांचीही राहिली नाही. शाळाशाळांतून सव्वीस जानेवारीला ती म्हटली जाऊ लागली. प्रत्येक सांगणाऱ्याने तिच्या जन्मकथेत आपली भर घातली. मूळ कागदाच्या कोपऱ्यावर चहाचा एक पुसट डाग होता. दहाएक वर्षांत तो रक्ताचा झाला. पुढे त्या कागदाला गोळी चाटून गेली. एका वक्त्याने तर अप्पांच्या समक्ष सांगितले, की कवीने ही कविता काडतुसाच्या टोकाने बर्फावर कोरली होती. अप्पा व्यासपीठावर मांडीवर हात ठेवून, शिक्षा झालेल्या मुलासारखे खाली बघत बसले होते.

मी पुष्कळदा मनाशी विचारत असे, की हा माणूस उठून बोलत का नाही. त्याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि तेच माझ्या सोयीचे होते.

अंक निघाल्याच्या दुसऱ्या वर्षी धोंडिरामची आई, गयाबाई, वाशीहून दोन गाड्या बदलून अप्पांच्या दारात आल्या होत्या. त्यांच्या धाकट्या मुलीने, शकुंतलेने, त्यांना लेख वाचून दाखवला होता. सरकारी तारेत मुलगा गेला एवढेच होते. कसा गेला, कुणाच्या सोबतीने गेला, हे त्या माउलीला इतकी वर्षे कुणी सांगितले नव्हते. गयाबाई ओट्यावर बसल्या. त्यांनी पाणीही घेतले नाही. अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "ह्याच मांडीवर व्हय?"

आणि अप्पा म्हणाले, "व्हय."

हे त्यांनी मला भूमच्या स्टँडवर उभ्या उभ्या सांगितले होते. सांगताना त्यांचा चेहरा आजाऱ्यासारखा झाला होता. मी लगेच म्हणाले, "बरं केलंत. आईच्या जिवाला तेवढाच आधार." माझ्या त्या समंजसपणात केवढा सुटकेचा निःश्वास होता, हे मला तेव्हाही जाणवले होते. त्यानंतर दर वर्षी दिवाळी सरली की गयाबाई यायच्या. थकल्या तसे अप्पाच वाशीला जायला लागले. म्हातारी दर वेळी सगळे पुन्हा सांगायला लावायची. चहा गरम होता का? तो आई म्हणाला का? अप्पा दर वर्षी सांगत राहिले, एका शब्दाची चूक न करता. आणि ज्या मरणाच्या वेळी आपण नव्हतो, त्या मरणापासून दर वर्षी थोडे अधिक दूर जात राहिले.

त्यांनी पुढेही लिहिले होते. खेचरांच्या डोळ्यांवर, दवाखान्यातल्या पांढऱ्या भिंतींवर, घरी परतल्यावर पहिल्या रात्री झोप न येण्यावर. संपादकांकडून ते परत यायचे: 'उशाला मांडी'सारखे काही असेल तर पाठवा. काही वर्षांनी त्यांनी पाठवणे सोडले.

फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. आता सोनारीपासून रिक्षा मिळते. अप्पा अंगणात बाजेवर बसले होते, खांदे उतरलेले, कानाला यंत्र. सून चहा ठेवून आत गेली. करडईच्या शेतावरून येणारा वारा अंगणातली धूळ जरा उचलून पुन्हा तिथेच ठेवीत होता. मी चहा घेतला, आणि मग जे विचारायला मला चाळीस वर्षे लागली ते विचारले: धोंडिराम खरोखर कसा गेला?

"म्या पाह्यलं न्हाय," त्यांनी आधी बजावले. "ज्याला सापडला त्यानं सांगितलं. रॉकेलचे डबे घिऊन वरच्या चौकीवर निघाला व्हता. धुकं उतरलं, तांड्यापासून मागं राह्यला. तिसऱ्या दिवशी सापडला. गोळी न्हाय, काय न्हाय. थंडीनं गेला, बसल्या जागी. म्या नंतर हिशेब घातला. ज्या दुपारी तो गेला असंल, त्या दुपारी म्या मोसंबी सोलून खात व्हतो. नर्सबाईनं दिली व्हती. लई गोड व्हती, बाई. ती गोडी आजपतुर जात न्हाय तोंडातली."

पस्तीस वर्षे मी कविता शिकवली. कल्पनाशक्ती म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून दिले. शहरात बसून कुणी कवी रणांगणाची कल्पना करतो तेव्हा आपण तिला प्रतिभा म्हणतो. पण जो खरोखर गणवेशात होता, त्याला मात्र कल्पना करण्याची मुभा आपण देत नाही. त्याच्याकडून आपल्याला साक्षच हवी असते, ओली, वाहती, शक्यतो रक्ताची. मोसंबी खाणाऱ्या माणसाचा शोक आपल्याला पुरेसा वाटत नाही. आणि त्या बाजेसमोर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळले, की ती कविता युद्धाची नव्हतीच. जिथे असायला हवे होते तिथे नसण्याची ती कविता होती. सगळी मांडी, सगळा चहा, सगळे बोलणे त्या एका 'नव्हतो'कडे चालत निघाले होते, आणि मी वाटेतच त्यांना अडवून, इथेच थांबा, इथे शोभून दिसता, असे म्हटले होते.

"काय करू या?" मी विचारले.

"येत्या रविवारी वाचनालयात माझा सत्कार हाय," अप्पा म्हणाले. "सगळी वाचतो. शेवटच्या दोन वळींसकट. शकूअक्काला येयाला सांगितलंय. आधी तिला एकलीला सांगावं म्हणलं, पर धीर व्हईना."

रविवारी सकाळी भूमच्या स्टँडजवळच्या त्या सभागृहात माणसे दाटीने बसली होती. व्यासपीठामागच्या फलकावर अप्पांचा तरुणपणीचा फोटो आणि त्याखाली माझे ते वाक्य, हिमशिखरांच्या सावलीत, मोठ्या अक्षरांत छापलेले. हार झाले, शाल झाली. अप्पा उठले. त्यांनी कविता वाचली, आणि जिथे गेली चाळीस वर्षे टाळ्या पडत आल्या तिथे हात वर करून लोकांना थांबवले. मग त्या दोन ओळी वाचल्या. कागद खाली ठेवला.

"म्या तिथं नव्हतो," ते म्हणाले. "दवाखान्यात व्हतो. कावीळ झाली व्हती. ही कविता म्या जेवून-खाऊन बराकीत लिवली. इतकी वर्सं तुमी ऐकलं ते खरं न्हाय."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. पाहता पाहता सगळे सभागृह उभे राहिले. अध्यक्षांनी डोळे पुसत ध्वनिक्षेपक हाती घेतला. "मंडळी, याला म्हणतात विनय! मित्राला मांडीवर घेतलं, आणि आज म्हणतायत मी नव्हतोच. खरा वीर असाच असतो, श्रेय घेत नाही."

अप्पा गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी उठले, व्यासपीठावर गेले आणि सांगितले, की अप्पा खरे बोलत आहेत, त्या ओळी मी गाळल्या होत्या, फलकावरचे वाक्य माझे आहे आणि ते खोटे आहे. पण माझा आवाज कापत होता, आणि अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "बाईसुद्धा आज भावनावश झाल्या आहेत." पुन्हा टाळ्या पडल्या. किती साधे वाटले होते मला! जे मी एका वाक्यात उभे केले ते तितक्याच एका वाक्यात मोडता येईल, अशी माझी समजूत होती. पण आता ते माझे नव्हतेच. त्या माणसांनी आपल्या लेकरांना ते शिकवले होते, त्यावर डोळे ओले केले होते. ते त्यांच्याकडून काढून घेणारी मी कोण?

कार्यक्रम संपला. लोक चहाकडे वळले. अप्पांना घेऊन मी बाहेरच्या व्हरांड्यात आले, तर तिथल्या बाकावर एक बाई पदर घट्ट लपेटून बसली होती. माझ्याच वयाची. शकुंतलाअक्का. नवऱ्याच्या पश्चात माहेरी राहून आईचे सगळे तिनेच केले होते. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे मी वरून पाहिले होते.

अप्पा तिच्यासमोर उभे राहिले. मोठे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"मला कळलं तुमी काय सांगितलं ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमचा लेख म्या आईला किती डाव वाचून दाखवला असंल, मोजदाद न्हाय. त्याच्यावर ती जगली. त्याला म्या वाईट म्हणत न्हाय. पर मला माझा भाऊ त्याच्यात कवा सापडलाच न्हाय. आमचा दादा असा पुस्तकातल्यावानी बोलायचा न्हाय. मला वाटायचं, म्याच इसरले काय त्याला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपे गेले असते.

मी क्षमा मागितली. तिने मान हलवली. त्यात क्षमा होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. ती अप्पांना म्हणाली, "बसा. आता खरं सांगा. कोन व्हतं मग त्याच्याजवळ?"

अप्पा बाकाच्या टोकाला बसले. "मानूस कुणी न्हाय, अक्का. त्याचं खेचर व्हतं."

"जित्तं?"

"व्हय. शेजारी उभं. ज्याला सापडला त्यो सांगत व्हता, वाट उतरून एकलं खाली आलं असतं, पर हाललं न्हाय. आन् एक सांगतो. त्याच्या पाठीवर वझं नव्हतं. डबे सगळे बाजूला नीट लावून ठिवलेले. धोंडिरामानं खाली बसायच्या आधी त्याचं वझं उतरवलं व्हतं."

अक्काच्या चेहऱ्यात काहीतरी हळूहळू जागेवर येत होते. "ह्यो दादा," ती हलकेच म्हणाली. "ह्यो आमचा दादा. बैलाला जेवू घातल्याबिगर जेवायचा न्हाय." मग तिने विचारले: "खेचराला नाव असतंय का?"

"खुरावर नंबर असतो. पर आमी नावं ठिवायचो." अप्पांनी नजर खाली वळवली. "ती खेचरी लई हट्टी व्हती. मधीच अडून बसायची. त्यानं तिला नाव ठिवलं व्हतं शकी."

अक्काने पदर तोंडाशी नेला. मला वाटले ती रडते आहे. पण ते हसू होते, लहान मुलीचे, आतून उसळून आलेले, आणि ते थांबेपर्यंत तिचे गाल भिजून गेले. "माझं नाव! खेचराला!" ती म्हणाली. "आन् बोलायचा का तिच्याशी?"

"लई," अप्पा म्हणाले. "समदा रस्ता."

"काय बोलायचा? सांगा."

अप्पा सांगू लागले. मी चार पावले बाजूला उभी होते. त्यांचा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता, अधूनमधून एखादा शब्द तेवढा वाऱ्यावर यायचा. इतक्या वर्षांत मी त्यांना असे बोलताना पाहिले नव्हते. हात उचलून, खेचराचा लगाम धरल्यासारखा हवेत धरून. मला जवळ जाऊन बसावेसे वाटले, अगदी लहानपणी मोठ्यांच्या गोष्टीत शिरावेसे वाटायचे तसे. पण त्या बाकावर मला जागा आहे की नाही हे मला ठरवता येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असे वाटले, की हे सारे मी ऐकले नाही, लिहिले नाही, तरी त्यात काही उणे पडणार नाही.

रस्त्यावर वाशीची गाडी येऊन थांबली. कंडक्टर खिडकीतून व्हरांड्याकडे पाहून ओरडला, वाशी, वाशी. त्या दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही. मी पायरीवर आले आणि हाताने त्याला पुढे जा म्हणून खुणावले. धूळ उडवीत गाडी निघून गेली. पुढची दीड तासाने होती.